वरचं पाणी

गंज त्यांनी घासूनपुसून आणला होता. गंज म्हणजे स्टीलचं उभ्या कडांचं भांडं, लिटरभर दूध मावेल एवढं. पिशवीतून काढून ओट्यावर ठेवत आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, हा तुमचाच हाय न? पोरीनं नाव वाचलं." बुडावर आईचं नाव आणि त्याखाली आमच्या वास्तुशांतीची तारीख, भांड्यांच्या दुकानातल्या त्या टोचणाऱ्या मशीननं टिंबाटिंबांनी कोरलेली. हा गंज मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली ठेवायचे, चिमण्यांना आणि गल्लीतल्या कुत्र्यांना पाणी म्हणून. सप्टेंबरातल्या त्या रात्रीनंतर तो जागेवर नव्हता, आणि मी तो शोधलाही नव्हता. "कुठं सापडला?" मी विचारलं. "आमच्या घरात. पलंगाखाली. पाणी वसरल्यावर चिखल काढाया लागलो तर त्यात निघाला." मग झाडू हातात घेत, हवापाण्याचं बोलावं तितक्या सहज त्या म्हणाल्या, "वरचं पाणी येतं न आमच्याकडं. त्याच्यासंगं आला."

मी चहा टाकला. त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही.

त्या रात्री आमच्याकडे काय झालं होतं ते मला नीट आठवतं. पाऊस साडेदहाच्या सुमारास सुरू झाला आणि अर्ध्या तासात गल्लीचा ओढा झाला. आम्ही गॅलरीत उभं राहून बघत होतो. पाणी पहिल्या पायरीला लागलं, दुसरीच्या कडेपर्यंत आलं, आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात सगळं निघूनही गेलं. सकाळी गल्ली धुतल्यासारखी लख्ख होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी तिचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'गट्टू बसवल्याचा फायदा.' त्यावर मी अंगठा टाकला होता. फोनमध्ये तो अजून आहे, तारखेसकट, वेळेसकट. सकाळी सात वाजून बारा मिनिटं. त्या वेळी मावशी, त्यांची आठवीतली मुलगी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई शाळेच्या व्हरांड्यात बसलेल्या होत्या.

गल्लीत गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवण्याच्या अर्जावर चौथी सही माझी होती. ती मी उगाच केली नव्हती. छत्रपती संभाजीनगरातली आमची गल्ली काळ्या मातीची. पहिला पाऊस झाला की चपलेला चार-चार किलोचा चिखल चिकटायचा, आणि सासऱ्यांची व्हीलचेअर फाटकाबाहेर निघायचीच नाही. जून ते ऑक्टोबर ते गॅलरीतून जग बघायचे. गट्टू बसले त्या संध्याकाळी त्यांना मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ढकलत नेलं आणि त्यांनी स्वतः पैसे काढून बडीशेपेच्या गोळ्या घेतल्या. तो आनंद खोटा नव्हता. म्हणूनच गंज परत आल्यावर मला नेमकं काय वाटत होतं हे ठरवता येईना. कोरडी गल्ली मला हवीच होती. फक्त तिचं ओलं कुठं जाणार, हे मी विचारलं नव्हतं, आणि अर्ज नेणाऱ्या आम्हा अकरा जणांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

गट्टू बसवणाऱ्या पोरांनी कडुनिंबालाही सोडलं नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मध्ये झाड आलं तर त्याच्या बुंध्याला सिमेंटचा माल घट्ट बसवून. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच आदेश दिलाय की बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढा, निदान एक मीटर जमीन मोकळी ठेवा. हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. पण झाड बघून आदेशाची गरजही नव्हती. गळ्याला टॉवेल आवळल्यासारखं ते उभं होतं. त्या वर्षी त्याचा मोहोर आला, पण निंबोळ्या बारीक पडल्या. मी ते पाहिलं आणि उन्हाळा कडक होता असं स्वतःला सांगितलं.

माझं माहेर लातूरकडचं. आजीचा वाडा मातीच्या धाब्याचा, पुढच्या पडवीला तेवढे पत्रे. पाऊस लागला की त्या पत्र्यांच्या पन्हाळीखाली आजी घरातली एकूण एक भांडी मांडायची. घागर, हंडा, घमेलं, शेवटी पातेली सुद्धा. पागोळ्यांचा प्रत्येक भांड्यात वेगळा आवाज यायचा आणि भरत आलं की तो बदलायचा. अंधारात नुसत्या आवाजावरून आजी म्हणायची, "तो हंडा भरला, सरकव." न्हाणीचं पाणी परसातल्या केळीला, भांड्यांचं अळूला. अंगणाचा उतार आडाच्या बाजूला होता. लहानपणी मला वाटायचं, जमीन आपोआपच तशी असेल. नंतर कळलं, दर उन्हाळ्यात सारवायच्या आधी आजोबा फावड्यानं तो उतार नीट करून घ्यायचे. पाणी वेशीबाहेर पळालं तर त्यांना चोरी झाल्यासारखं व्हायचं. हे शहाणपण वगैरे म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. मार्चनंतर आड तळाला जायचा, एवढंच त्याचं कारण.

त्याच लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. माझा भाऊ त्या दिवशी मुद्दाम स्टेशनवर गेला होता. फोनवर म्हणाला, "अगं, लोक गाडीला हात लावून बघत होते." आणि आता २०२५ चा सप्टेंबर. बीडमध्ये, धाराशिवला, लातूरच्या शिवारात नद्या पात्र सोडून रानात शिरल्या, उभं सोयाबीन कुजलं, जमिनी मुरमापर्यंत खरडून गेल्या, जायकवाडी धरणाच्या नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले. एकाच भूमीच्या या दोन बातम्या, मध्ये जेमतेम साडेनऊ वर्षं. पाणी नाही म्हणून रडायचं आणि पाणी आलं म्हणून रडायचं, हे मराठवाड्याच्या नशिबी आहे असं म्हणणारे खूप भेटतात. गावच्या शिवारातल्या महापुरावर माझ्यापाशी उत्तर नाही. पण आमच्या नाल्याच्या पुरात नशिबाचा वाटा किती आणि आमच्या गल्लीचा किती, हे मोजता येण्यासारखं होतं.

मी ते मोजलं. भाजीच्या चिठ्ठीच्या मागे.

हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाऊस पडला तर चार हजार सातशे लिटर पाणी होतं. म्हणजे उन्हाळ्यात आम्ही मागवतो तो एक टँकर, पाच हजार लिटरचा. गल्लीत २८ घरं. एका जोरदार सरीत आम्ही २८ टँकर उतारावर सोडून देतो, आणि रस्त्याचं, अंगणाचं, पार्किंगचं वेगळं. मी पुन्हा पुन्हा गुणाकार केला. ज्या गावात नळाला पाच-सहा, कधी आठ दिवसांनी पाणी येतं, जिथं टँकरवाल्याचा नंबर मुलांनाही पाठ असतो, जिथलं पाणी पैठणहून, नाथसागरातून उपसून वर चढवावं लागतं, तिथं आम्ही छतावरचं पाणी पाइपानं थेट गट्टूंवर सोडलेलं होतं. गट्टूंवरून गटारात, गटारातून नाल्यात. नाला पुढे खाम नदीला मिळतो. पण खामच्या आधी त्याच्या वाटेवर मावशींची वस्ती आहे.

आमच्या फाटकापासून ती वस्ती चालत अकरा मिनिटांवर आहे. नऊ वर्षं मावशी ती अकरा मिनिटं रोज चढून येत होत्या आणि मी एकदाही उतरले नव्हते. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी गेले. वाट सतत उताराची. आमची वसाहत विद्यापीठाच्या डोंगरांकडून उतरत आलेल्या जमिनीवर, आणि वस्ती बशीच्या तळाशी. घरात ओल्या चुन्याचा आणि डिझेलसारखा एक वास अजून होता. कपाटाचं खालचं फळकुट फुगून उकललेलं. पलंगाच्या चारही पायांखाली तीन-तीन विटा. त्या मी बघते आहे हे पाहून मावशी म्हणाल्या, "काढत नाय आता. कव्हा लागतील काय सांगावं." भिंतीवर गेरूच्या आडव्या रेघा होत्या. सगळ्यांत वरची नवी, माझ्या कमरेला लागेल इतकी उंच. तिच्याखाली वीतभर एक, त्याच्याही खाली फिकट होत गेलेल्या दोन. प्रत्येक घरात त्या आहेत. सरकारदरबारी पूररेषा दोन असतात : पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. त्या नद्यांच्या नकाशावर आखतात. या छोट्या नाल्याला कुणी रेषा आखलेली नाही. बायांनी आपापल्या घरात आखल्या आहेत, गेरूनं, आणि त्या पंचवीस वर्षांच्या नाहीत. चारही रेघा मावशींच्या मुलीच्या जन्मानंतरच्या आहेत.

शेजारच्या एक आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही वरच्या का?" मी हो म्हटलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. नुसतंच म्हणाल्या, "आधी पाणी येताना आवाज देत यायचं. वाड्यावरनं, झाडांतनं, हळूहळू. आता एकदम येतं. कामून असं?"

या 'कामून'चं उत्तर गल्लीतल्याच एका काकांनी दिलं. ते भूजल खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला कमी, पण खडक म्हटला की फुलणारे. त्यांनी मला गच्चीवर नेऊन काठीनं समजावलं. आपल्या पायाखाली आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिलं पाणी त्या भेगा गटागटा पितात. पण एकदा भिजून फुगली की ती दार लावून घेते. पाणी खरं जिरतं ते मुरमात. त्यामुळे नुसती माती मोकळी सोडून भागत नाही, खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे. "आणि पुण्या-मुंबईचं डिझाइन इथं आणून चालत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीची गोष्ट सांगितली. हिमायतनगर तालुक्यातलं हे गाव. तिथं घरोघरी शोषखड्डे घेतले, मधोमध भोकं पाडलेला सिमेंटचा पाइप, भोवती दगडगोटे, सांडपाणी सगळं जमिनीत, गटारं बंद, डास बंद. पुढे लोक त्याला नांदेड पॅटर्नच म्हणायला लागले. "चार फुटांचा खड्डा," काका म्हणाले. "त्याला काही फॉरेनचं नाव द्यायची गरज नाही."

फॉरेनचं नाव मात्र मी शोधलंच. चीनमधले कोंगजियान यू हे भूदृश्य रचनाकार. शहरानं पाणी ढकलून न देता स्पंजासारखं धरून ठेवावं, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. २०१५ मध्ये चीननं सोळा शहरांत त्याचा प्रयोग सुरू केला. ते मूळचे झेजियांगमधल्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचा मुलगा. तळी, पाट, काठावरची झाडं बघत वाढलेले. २३ सप्टेंबर २०२५ ला ब्राझीलच्या पाणथळ भागात विमान कोसळून ते गेले. धाराशिव-बीडमध्ये लोक पत्र्यांवर चढून मदतीची वाट बघत होते, तो हाच आठवडा. हे वाचलं तेव्हा मला कुणीतरी ओळखीचं गेल्यासारखं वाटलं. एखाद्या माणसाला त्याच्या मरणाच्या बातमीतून ओळखावं लागतं, याचं वाईट वाटत राहिलं.

आणि आपल्याच गावात हे नवीन थोडंच आहे. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आजचं आपलं शहर, वसवली आणि मग डोंगरातलं पाणी जमिनीखालून नहरीनं शहरात आणलं, हौदाहौदांत खेळवलं. पाणचक्कीला शाळेच्या सहलीत आपण सगळे जाऊन आलोय. पाणी पडताना बघितलं, तुषार अंगावर घेतले, वडाखाली डबा खाल्ला. मागून वाहणाऱ्या खामकडे तेव्हा नाक दाबून पाहिलं. गेल्या काही वर्षांत त्याच खामच्या काठाचा कचरा उपसून, उतार बांधून, झाडं लावून माणसांनी तिला पुन्हा नदीचं रूप द्यायला घेतलंय. लोखंडी पुलाकडे गेलं की ते दिसतं. तिथं उभी असताना माझ्या मनात येतं की नदी स्वच्छ करणारे हात आणि तिच्यावर गट्टूंचं पाणी लोटणारे हात एकाच गावचे आहेत.

पुढचे सहा महिने आम्ही कार्यालयाच्या पायऱ्या चढलो. आम्ही म्हणजे सुरुवातीला काका, मी आणि कोपऱ्यावरच्या एक निवृत्त बाई. मागणी फार मोठी नव्हती. गल्लीच्या एका कडेनं दोन फुटांचे गट्टू काढू द्या, तिथं मुरमापर्यंत चर घेऊन दगडगोटे भरतो, वर वाळा आणि कर्दळ लावतो. रस्त्यापेक्षा उंच भरून ठेवलेली बाग वीतभर खाली घ्या, म्हणजे सरीचं पाणी तिच्यात थांबेल. वरच्या गल्ल्यांना काँक्रीट करताना कडेची पट्टी सोडा. समोरचे अभियंता वाईट नव्हते. त्यांनी चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, पटतंय. पण याला डीएसआरमध्ये आयटम नाही. एस्टिमेट कशात धरू?" डीएसआर म्हणजे कामांची सरकारी दरसूची. गट्टूंना आयटम आहे. काँक्रीटला आहे. नाल्याच्या भिंतीला आहे. मातीला मोकळं सोडायला दर नाही. मला त्या वाक्याचा राग आला, पण त्यांचा आला नाही. त्यांनाही कुणीतरी वरून विचारणार होतं. तिथंही उतार होताच.

त्याहून अवघड गेली आमची स्वतःची गल्ली. पट्टी काढली तर गाडी कुठे लावायची, चिखल परत येणार, साप येतील, डास होतील. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि चरातलं पाणी एक-दोन दिवसांत जिरतं. हे काकांनी चार बैठकांत चार वेळा सांगितलं. पटलं नाही. एकजण म्हणाले, "खालच्यांनी नाल्यात घरं कशाला बांधली?" मी गप्प बसले, कारण हा प्रश्न मलाही पडून गेलेला होता, आणि त्याचं उत्तर आमच्या घरांना लागणाऱ्या कामवाल्या बायकांना आमच्या घरांजवळ दुसरी जागा परवडत नाही, एवढंच होतं. पाचव्या बैठकीला मावशी आणि वस्तीतल्या आणखी सहा जणी आल्या. बोलावलं मी होतं, तरी येतील असं वाटलं नव्हतं. त्या खुर्च्यांवर बसेनात. उभ्यानंच एकीनं सांगितलं, की आमच्या भिंतीवरची रेघ बघायला या, मग काय ते ठरवा. नऊजण गेले. व्हीलचेअर ढकलत मी सासऱ्यांनाही नेलं. नाल्याच्या अलीकडे गट्टू संपतात, तिथून पुढे चाक चालेना. ते तिथंच बसून राहिले. घरी परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "कडेची दोन फूट गेली तरी माझी खुर्ची जाते गं. मोजलंय मी."

शेवटी मेमध्ये काम झालं, वर्गणीतून आणि तोंडी परवानगीवर. नव्वद फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट खोल. पहिला गट्टू उचलला तेव्हा खाली माती कोरडी, दाबून दगड झालेली, आणि तिला कसलाच वास नव्हता. तीन फुटांवर मुरूम लागला, पिवळसर, हातात चुरडणारा. काकांनी बादलीभर पाणी ओतलं आणि आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. चुर्र आवाज करत ते गेलं. आजीच्या घरच्या पागोळ्यांनंतर मी पाण्याचा इतका लक्ष देऊन आवाज ऐकला नव्हता. कडुनिंबाचा गळाही मोकळा केला, छिन्नीनं, हातानं, मुळं सांभाळत. त्याला दोन दिवस लागले. तीन घरांनी छताचे पाइप शोषखड्ड्यात वळवले.

हे सगळं मिळून किती झालं? दगडांमधल्या पोकळीचा हिशेब धरला तर चरात एका वेळी आठ हजार लिटर मावतं. दोन टँकरही नाहीत. २८ मधले दोन. ते जिरतं, परत भरतं, म्हणून थोडं अधिक म्हणू. बाग अजून उंचच आहे. वरच्या दोन गल्ल्यांना मार्चमध्येच काँक्रीट झालं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आमचा अर्ज टेबलावर असताना. त्यांचं पाणी आता आमच्यावरून जातं. त्या गल्ल्यांच्या लोकांकडे आम्ही दोनदा जाऊन आलोय, आणि तिसऱ्यांदा जाणार आहोत. त्यांच्या चेहऱ्यावर मला सकाळी सात वाजून बारा मिनिटांची मी दिसते.

गंज आता पाणी ठेवायला वापरत नाही. उभ्या कडा आणि सपाट बूड म्हणजे त्यात जेवढी उंची भरेल तेवढा पाऊस, हे काकांनी सांगितल्यापासून तो गच्चीच्या कठड्यावर विटांत बसवून ठेवलाय. पाऊस लागला की मी बोटं आडवी धरून मोजते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री पहिली मोठी सर आली. छत्री धरून वर गेले, बॅटरी लावली. खाली चर काठोकाठ भरला होता, कर्दळीची पानं पाण्यावर टेकली होती आणि कडेवरून पाणी उताराकडे निघायला लागलं होतं. फोन मावशींनीच केला. मागे पत्र्यावर पावसाचा इतका आवाज होता की त्यांना ओरडावं लागत होतं.

"किती झाला?"

"दोन बोटं," मी म्हटलं. "चर भरला. आता वरून चाललंय."

"बरं," त्या म्हणाल्या. फोन चालूच राहिला. पलीकडून मुलीला हाक मारल्याचं ऐकू आलं, मग फरशीवरून विटा सरकवल्याचा आवाज.